२१४७४८३६४७ : एका मोठ्या मूळ संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान इंदूरच्या मराठी घरांतल्या नववी ते पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. घातांक वर लिहिण्याऐवजी इथे ^ हे चिन्ह वापरले आहे: २^५ म्हणजे पाच वेळा दोन घेऊन केलेला गुणाकार, ३२. जिथे उत्तर दिले आहे तिथे ते स्वतः ताडून पाहण्याची रीतही दिली आहे.

ही संख्या नेमकी कोणती, आणि ती वाचायची कशी?

२^३१ − १. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. अंक दहा. दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७ आणि मग ही, असा हिचा त्या रांगेत आठवा क्रमांक. सगळ्या मूळ संख्या २ पासून ओळीने मोजत गेलात तर ही १०,५०,९७,५६५ वी येते.

शाळेत ‘अभाज्य संख्या’ म्हणतात, इथे ‘मूळ संख्या’ लिहिले आहे. दोन्ही एकच का?

एकच. इंदुरात बहुतेक मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, म्हणून अभाज्य, गुणनखंड, शेषफल हे शब्द तोंडात बसलेले असतात. मराठी पुस्तकात त्याच गोष्टी मूळ संख्या, अवयव आणि बाकी अशा येतात. घोटाळा होतो तो ‘मूळ’ या शब्दाने, कारण वर्गमूळही ‘मूळ’च. या पानावर वर्गमूळ म्हणायचे असेल तिथे पूर्ण शब्द लिहिला आहे. घरी समजावताना अभाज्य हा शब्द बिनदिक्कत वापरा. ‘ज्याला भाग जात नाही ते’ हा अर्थ त्यात उघड दिसतो.

२^३१ कॅल्क्युलेटरशिवाय काढता येतो का?

नऊ पायऱ्यांत. पिंगलाच्या छंदःसूत्रात लघु-गुरूंचे एकूण प्रकार मोजण्यासाठी जी रीत दिली आहे, तीच वापरायची. घातांक सम असेल तर निम्मा करा आणि ‘वर्ग’ अशी खूण करा. विषम असेल तर एक कमी करा आणि ‘दुप्पट’ अशी खूण करा. ३१ पासून ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १, ० असे खाली उतरा. मग १ हा आकडा घेऊन खुणा उलट्या क्रमाने वाचत वर या: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४, २१४७४८३६४८. चार वर्ग आणि पाच दुपटी. खरा मोठा गुणाकार एकच आहे, ३२७६८ चा वर्ग. बहुतेकांची चूक तिथेच होते, म्हणून तो दोनदा करा.

छंदांची गोडी असणाऱ्यांसाठी: मनहरण कवित्ताच्या एका चरणात ३१ अक्षरे असतात. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असू शकते असे धरले तर २^३१ रचना होतात. शेवटचे अक्षर गुरूच हवे हा नियम पाळला की त्या निम्म्या उरतात, १०७३७४१८२४.

३१ मूळ आहे म्हणून २^३१ − १ मूळ, असे म्हणता येईल का?

नाही. वर्गात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी चूक हीच. एवढेच खरे की घातांक संयुक्त असेल तर संख्या हमखास संयुक्त होते. १५ = ५ × ३ आहे, म्हणून २^१५ − १ = ३२७६७ ला २^५ − १ = ३१ ने आणि २^३ − १ = ७ ने भाग जातो; पूर्ण अवयव ७ × ३१ × १५१. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. २३ मूळ आहे, पण २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो. २९ मूळ आहे, पण २^२९ − १ = २३३ × ११०३ × २०८९. घातांक मूळ असणे ही फक्त आत जाण्याची परवानगी आहे. परीक्षा पुढेच असते.

ही संख्या मूळ असल्याचे कोणी सिद्ध केले?

लिओनार्ड ऑयलरने, १७७२ मध्ये. तो तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याआधी १५८८ मध्ये इटलीच्या पिएत्रो काताल्दीने १७ आणि १९ हे घातांक बरोबर तपासले होते. पुढे जाऊन त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हेही चालतात असे म्हटले, आणि त्यांतला एकटा ३१ खरा निघाला. २३ आणि ३७ हे १६४० मध्ये फर्माने खोडले, २९ हा १७३८ मध्ये ऑयलरने खोडला. मारँ मर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या यादीतही ३१ होताच, पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. म्हणजे ऑयलरच्या आधी ‘३१ चालतो’ हे विधान खरे होते, पण त्याच्यामागे पुरावा नव्हता. या दोन गोष्टींतला फरक विद्यार्थ्यांना दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

ऑयलरची रीत वही-पेन घेऊन करता येते का?

येते, आणि प्रत्येकाने थोडी तरी करून पाहावी. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आहे आणि ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, म्हणजे आपली संख्या या दोन वर्गांच्या मध्ये आहे. ती संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव ४६३४० पर्यंत सापडलाच पाहिजे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या ४,८०० च्या आसपास भरतात. तेवढे भागाकार कोणी करणार नाही. म्हणून आधी उमेदवारच कमी करायचे.

समजा क ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. दोनाच्या ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते, तो घातांक ३१ चा विभाजक असणार. ३१ मूळ आहे, म्हणून तो १ किंवा ३१, आणि १ शक्य नाही. फर्माच्या नियमाप्रमाणे २^(क − १) ची बाकीही १ येते, म्हणून क − १ ला ३१ ने भाग जातो. क विषम आहे, म्हणून क − १ सम. दोन्ही मिळून क − १ हा ६२ च्या पटीत असला पाहिजे.

दुसरी चाळणी वर्गांची. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे क ने भागताना २ हा आकडा एका वर्गाची बाकी म्हणून येतो, आणि हे तेव्हाच घडते जेव्हा क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ हवी.

आता यादी लिहायला घ्या: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३, १४८९, १५५१… आलटून पालटून १८६ आणि ६२ मिळवत जायचे. शेवटचा आकडा ४६१९१ येतो. एकूण ३७३ आकडे, आणि ६३ तर उघडच संयुक्त आहे, म्हणून ३७२. यांतून ३, ५ आणि ७ ने भाग जाणारे खोडले की निम्म्याहून अधिक उडतात, कारण जो आकडा स्वतःच संयुक्त आहे त्याने भागून पाहण्याची गरज नाही. वर लिहिलेल्या तेरांपैकी ३११, १३०३ आणि १४८९ एवढेच मूळ आहेत.

पहिला भागाकार असा: २१४७४८३६४७ = ३११ × ६९०५०९२ + ३५. दुसरा: २१४७४८३६४७ = १३०३ × १६४८१०७ + २२६. बाकी शून्य आली नाही, पुढे चला. एका भागाकाराला दोन मिनिटे धरली तर चाळणी न लावलेली पूर्ण यादी साडेबारा तासांची होते. चार जणांनी वाटून घेतली आणि ३-५-७ ची चाळणी लावली तर एका सकाळी संपते.

हाताने भागाकार करताना चूक झाली हे कसे कळेल?

नवाचा ताळा लावा. २१४७४८३६४७ च्या अंकांची बेरीज ४६, मग १०, मग १. तिकडे ३११ चे ५, ६९०५०९२ चे ३१ म्हणजे ४. ५ × ४ = २०, म्हणजे २. ३५ चे ८. २ + ८ = १०, म्हणजे १. जुळले.

पण शेजारचे दोन अंक अदलाबदल होऊन लिहिले गेले तर नवाच्या ताळ्याला ते दिसत नाही, कारण बेरीज तीच राहते. हाताने उतरवताना नेमकी हीच चूक जास्त होते. त्यासाठी अकराचा ताळा हवा: उजवीकडून एक अंक मिळवा, पुढचा वजा करा. आपल्या संख्येचा १२, म्हणजे १. ३११ चा ३. ६९०५०९२ चा उणे १५, म्हणजे ७. ३ × ७ = २१, त्यात ३५ ची बाकी २ मिळवली की २३, म्हणजे १. हेही जुळले. दोन्ही ताळे जुळल्याशिवाय यादीतला आकडा खोडू नका. इथे एक चुकलेला भागाकार म्हणजे सगळा पुरावाच निकामी.

३७२ भागाकारांऐवजी छोटी रीत आहे का?

आहे. एद्वार लुकासने १८७६ च्या सुमारास शोधलेली आणि डेरिक लेहमरने १९३० मध्ये पक्की केलेली लुकास–लेहमर चाचणी. ती फक्त मर्सेन संख्यांना लागू पडते. ४ पासून सुरू करा. प्रत्येक पायरीला आकड्याचा वर्ग करा, २ वजा करा आणि मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी एवढ्या पायऱ्यांनंतर शून्य आले तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त.

आधी लहान संख्यांवर हात बसवा. १२७ साठी घातांक ७, पायऱ्या पाच: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ. २०४७ साठी पायऱ्या नऊ: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. अवयव २३ आणि ८९ आहेत हे मात्र ही चाचणी सांगत नाही. ती फक्त निकाल देते.

आपल्या संख्येसाठी २९ पायऱ्या. पहिल्या चार सोप्या: १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. पाचव्या पायरीला वर्ग वजा २ येतो २००५९५६५४६८२२७४६११४, एकोणीस अंकी. याला २१४७४८३६४७ ने भागत बसू नका. २१४७४८३६४८ ने, म्हणजे २^३१ ने भागा, आणि भागाकार व बाकी यांची बेरीज करा. हे चालते, कारण आपल्या संख्येने भागताना २^३१ ची किंमत १ आहे. भागाकार ९३४०९६३०७, बाकी १८८३०५८१७८, बेरीज २८१७१५४४८५. बेरीज मोठी आली, म्हणून एकदा २१४७४८३६४७ वजा करा: ६६९६७०८३८. ही पाचवी पायरी. आकडा द्विमान पद्धतीत लिहिलेला असेल तर भागाकारही लागत नाही. उजवीकडचे ३१ अंक तोडायचे आणि उरलेला डावा भाग त्यांत मिळवायचा.

पुढे आकडे कसेही उड्या मारतात, त्यांत काही क्रम दिसत नाही. अठ्ठाविसाव्या पायरीला अचानक ६५५३६ येतो, म्हणजे २^१६. त्याचा वर्ग २^३२, त्याची बाकी २, वजा २, शून्य. एकोणतिसाव्या पायरीला निकाल. अठ्ठाविसाव्या पायरीला तुमच्याकडे ६५५३६ नसेल तर मधे कुठे तरी चूक झाली आहे. शोध पाचव्या पायरीपासून घ्या, कारण मोठे आकडे तिथूनच सुरू होतात.

एक्सेलमध्ये केले तर उत्तर जुळत नाही. का?

एक्सेल आणि तशाच इतर शीट १५ अर्थपूर्ण अंकच धरून ठेवतात. इथे वर्ग १९ अंकांपर्यंत जातो, म्हणून शेवटचे अंक शून्य होऊन बसतात आणि बाकी पूर्णच चुकते. उत्तर थोडेफार जवळ येईल अशी आशा नको. बाकी काढण्याच्या हिशोबात शेवटचा अंक हाच सगळ्यांत महत्त्वाचा.

कोणतेही साधन वापरण्याआधी एक परीक्षा घ्या: १४१६३१७९५४ × १४१६३१७९५४. खरे उत्तर २००५९५६५४६८२२७४६११६. शेवटी ६११६ दिसले नाही तर त्या साधनावर पुढची पायरी करू नका. फोनवरचे बरेच कॅल्क्युलेटर इथेच अडतात. जावास्क्रिप्टचा साधा नंबर २^५३ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच पूर्णांक बिनचूक धरतो. तिथे बिगइंट वापरावा लागतो. सी भाषेत ३२ बिटांचा इंट वर्ग करतानाच ओसंडतो, म्हणून ६४ बिटांचा प्रकार घ्या. वर्ग ६२ बिटांत मावतो. पायथॉनला ही अडचण नाही. त्याचे पूर्णांक लागतील तेवढे मोठे होतात, म्हणून नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

पायथॉनमध्ये २ चा (संख्या − १) वा घात घेऊन फर्माची चाचणी केली, बाकी १ आली. झाले ना सिद्ध?

नाही. मर्सेन संख्येवर २ हा पाया घेऊन केलेली फर्माची चाचणी निरुपयोगी आहे. घातांक मूळ असला की बाकी नेहमी १ च येते, संख्या संयुक्त असली तरी. २०४७ घेऊन पाहा, तीही पास होते. इतकेच नव्हे तर २ पायावरची मिलर–राबिन ही जास्त कडक चाचणीही २०४७ पास होते.

मिलर–राबिन करायचीच असेल तर २, ३, ५ आणि ७ हे चारही पाया घ्या. ३२१५०३१७५१ पेक्षा लहान कोणतीही संयुक्त संख्या या चारही पायांना फसवू शकत नाही, आणि आपली संख्या त्याहून लहान आहे, म्हणून इथे ही चाचणी अंदाज न राहता पुरावाच होते. एक वजा केल्यावर मिळणारी २१४७४८३६४६ फक्त एकदाच निम्मी होते, म्हणून प्रत्येक पायाचा एकच घात पाहायचा: १०७३७४१८२३. बाकी १ किंवा २१४७४८३६४६ आली तर पाया पास. २ साठी १ येते. ३, ५ आणि ७ साठी तिन्ही वेळा २१४७४८३६४६ येते. पायथॉनच्या ‘पॉव’ला पाया, घातांक आणि भाजक असे तिन्ही आकडे एकदम द्या. आधी घात काढून मग बाकी काढायला गेलात तर मशीन अडकून बसेल.

७, ११, ३१, १५१ आणि ३३१ ने भागले की प्रत्येक वेळी बाकी १ च येते. हा योगायोग आहे का?

नाही. एक वजा केल्यावर उरते २^३१ − २ = २ × (२^३० − १), आणि त्याचे अवयव २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. ३० ला भरपूर विभाजक आहेत, म्हणून २^३० − १ लहान लहान अवयवांत सुटते. सबब बाकी १. ही फोड पुढे यादृच्छिक संख्यांच्या हिशोबात कामी येते.

आठवी परिपूर्ण संख्या हिच्यापासूनच मिळते ना?

हो. २^३० × (२^३१ − १) = २३०५८४३००८१३९९५२१२८. स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज केली की हाच आकडा परत येतो, जसे ६ = १ + २ + ३. युक्लिडच्या या कृतीत दुसऱ्या भागाचे, म्हणजे कंसातल्या संख्येचे, मूळ असणे अत्यावश्यक आहे. ते नसेल तर जास्तीचे विभाजक येतात आणि बेरीज मोठी होते. म्हणून २^१० × २०४७ परिपूर्ण नाही.

संगणकात ही संख्या सारखी दिसते. ती मूळ आहे म्हणून निवडली का?

नाही, तो निव्वळ योग आहे. ३२ बिटांपैकी एक चिन्हासाठी ठेवला की ३१ उरतात, आणि १ + २ + ४ + … + २^३० ची बेरीज एवढीच होते. आठ बिटांची मर्यादा १२७ मूळ आहे. सोळा बिटांची ३२७६७ संयुक्त. चौसष्ट बिटांची २^६३ − १ हिला ७ ने भाग जातो.

या मर्यादेचा खरा फटका वेळेच्या हिशोबात आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या यंत्रांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी २१४७४८३६४७ वर पोहोचेल. इंदुरात ती पोहे-जिलबीची वेळ. पुढच्याच सेकंदाला आकडा उणे २१४७४८३६४८ होतो आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागते. उपाय ६४ बिटांचा वेळ-प्रकार हाच. जुन्या डेटाबेसमधले ३२ बिटांचे रकाने बदलायचे राहून जातात. धोका तिथे जास्त आहे.

यादृच्छिक संख्या बनवताना हिचा उपयोग कसा होतो?

इथे मात्र तिचे मूळ असणे खरोखर कामाला येते. १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. १ पासून सुरुवात केली तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८ असे आकडे येतात. १६८०७ म्हणजे ७^५. ७ चे घात घेत गेले तर १ ते २१४७४८३६४६ हे सगळे आकडे एकदा येऊन मगच १ परत येतो, आणि ५ हा आकडा २१४७४८३६४६ ला भागत नसल्यामुळे ७^५ लाही तोच गुण आहे. उलट २ घेतला असता तर ३१ पायऱ्यांतच फेरा संपला असता.

तुमचा प्रोग्राम बरोबर आहे का हे पाहण्याची प्रमाणित खूण: १ पासून सुरू केल्यावर दहा हजारावा आकडा १०४३६१८०६५ यायला हवा. नाही आला तर गुणाकार ओसंडला आहे. ६४ बिट नसलेल्या मशीनवर श्रागेची युक्ती वापरतात: २१४७४८३६४७ = १६८०७ × १२७७७३ + २८३६. चालू आकड्याला १२७७७३ ने भागा, बाकीला १६८०७ ने गुणा, भागाकाराला २८३६ ने गुणून त्यातून वजा करा, आणि उत्तर ऋण आले तर २१४७४८३६४७ मिळवा. सुरुवातीचा आकडा शून्य देऊ नका. मग सगळे शून्यच येतील. पासवर्ड, ओटीपी, लॉटरी यांसाठी ही रीत वापरू नका. एक आकडा कळला की पुढचे सगळे काढता येतात.

गुप्तलेखनात, म्हणजे आरएसएमध्ये, ही संख्या चालेल का?

नाही. तिथे प्रत्येकी तीनशेच्या वर अंकांच्या मूळ संख्या लागतात, आणि त्या कोणाला माहीत नसलेल्या हव्यात.

जुळी मूळ संख्या आहे का?

नाही. दोन कमी केले तर शेवटी ५ येतो, दोन वाढवले तर २१४७४८३६४९ ला ३ ने भाग जातो. आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९.

ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

नाही. ४ ने भागल्यावर बाकी ३ येणारी मूळ संख्या तशी लिहिता येत नाही. त्याच गुणामुळे दुसरी एक सोय मात्र होते. या संख्येने भागताना एखादा आकडा कुठल्या तरी वर्गाची बाकी म्हणून येत असेल, तर त्या आकड्याचा २९ वेळा लागोपाठ वर्ग करा, दर वेळी बाकी ठेवा, त्याचे असे वर्गमूळ हातात येते.

५ पासून ३१, ३१ पासून ही. पुढची २^२१४७४८३६४७ − १ हीसुद्धा मूळ असेल?

नाही, साखळी इथे तुटते. त्या राक्षसी संख्येला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. ऑयलरचा नियम इथेही दिसतो: या विभाजकातून एक वजा केला की २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ उरते.

आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती?

२^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, ४,१०,२४,३२० अंकांची. तीही मर्सेनच, आणि तिचाही निकाल लुकास–लेहमर चाचणीनेच पक्का केला गेला. अंकांची संख्या काढायला घातांकाला ०.३०१०३ ने गुणा आणि पूर्णांक भागात १ मिळवा. ३१ साठी ९.३३, म्हणजे दहा अंक. इतक्या मोठ्या घातांकाला मात्र हा पाच दशांशांचा गुणक पुरत नाही, जास्त दशांश घ्यावे लागतात.

लहान मुलांना सरावाला काय द्यावे?

इंदूरचा पिनकोड, ४५२००१. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ ने भाग जातो: १५०६६७. अकराचा ताळा लावा, ११ नेही जातो: १३६९७. आता अडते. ११७ चा वर्ग १३६८९ आणि ११८ चा १३९२४, म्हणून ११३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. १०७ ला बाकी १ उरते आणि तिथे बरीच मुले घाईने ‘भाग गेला’ लिहितात. १३६९७ मूळ आहे. म्हणून ४५२००१ = ३ × ११ × १३६९७.

ही झाली. पुढची कोणती घ्यावी?

२^६१ − १ घ्या. मर्सेनच्या यादीतून निसटलेली ही संख्या १८८३ मध्ये इवान पेर्वुशिनने मूळ ठरवली. ऑयलरची रीत इथे हाताने शक्य नाही. उमेदवार ४८८ मागे दोनच उरतात, तरी वर्गमूळ दीड अब्जाच्या वर असल्यामुळे ते ६२ लाखांच्या घरात जातात. लुकास–लेहमरच्या पायऱ्या मात्र ५९ च आहेत. वर्ग ३७ अंकांपर्यंत जाईल, म्हणून साधन आधी तपासा. अठ्ठावन्नाव्या पायरीला २१४७४८३६४८ किंवा २^६१ − १ मधून तो वजा करून येणारा आकडा दिसला पाहिजे. दिसला, तर पुढची पायरी शून्य.